खाडीतील क्षारता आणि मासळी: क्षारतामापकाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘आमच्या खाडीत क्षारता १८ आली, मासळीला चालेल का?’ असा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. पाणी कुठल्या खोलीवरून घेतले, भरती होती की ओहोटी, आणि काल तिथेच किती आली होती, हे कळल्याशिवाय १८ या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही.

समुद्राच्या पाण्याची क्षारता सुमारे ३५ पीपीटी असते, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. गोड्या पाण्यात ती ०.५ च्या खाली असते. मुशी-पाकट वगळता बहुतेक माशांचे रक्त साधारण १० ते १२ पीपीटीच्या आसपास राहते. खाऱ्या पाण्यात त्यांच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून ते समुद्राचे पाणी पितात आणि जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतात. गोड्या पाण्यात उलटा कारभार: पाणी आत शिरत राहते आणि ते भरपूर पातळ लघवीवाटे काढावे लागते. बोय, जिताडा, काळुंदर यांना दोन्ही जमते, पण कल्ल्यांतल्या पेशींची ही अदलाबदल व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात. मोठ्या पावसाने एका रात्रीत पाणी २५ वरून ५ वर आले, तर एरवी ५ पीपीटीत मजेत राहणारा मासाही दगावू शकतो.

हीच गोष्ट बीज (माशांची लहान पिल्ले) तळ्यात सोडताना लक्षात ठेवा. ताशी १ ते २ पीपीटीपेक्षा वेगाने क्षारता बदलू नका. बीजाच्या टाकीत २५ पीपीटीचे २० लिटर पाणी असेल आणि तळ्याचे पाणी ५ पीपीटीचे असेल, तर तळ्याचे ५ लिटर घातल्यावर टाकी २१ वर येते. हे ५ लिटर दोन ते चार तासांत, थोडे थोडे करून घाला. पुढच्या ५ लिटरने ती १८.३ पर्यंतच उतरेल. तेवढ्याच पाण्याने दर वेळी घट कमी होत जाते, म्हणून अंदाजाने ओतू नका, मोजत राहा.

वरचे पाणी आणि तळचे पाणी

खारे पाणी जड असल्याने ते तळाने आत शिरते आणि नदीचे गोडे पाणी त्याच्यावरून वाहते. वर ४ पीपीटी आणि तळाला २४ असे एकाच जागी मिळू शकते. नुसत्या वरच्या पाण्यावरून खाडी गोडी झाली असे लिहिणे, ही आम्हाला सर्वाधिक दिसणारी चूक. वजन बांधलेल्या बाटलीला बूच लावा, बुचाला वेगळी दोरी बांधा, बाटली तळाजवळ पोचली की बूच ओढा. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) प्रवाह जोरात असल्याने थर मिसळतात, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असताना) ते वेगळे राहतात. भांगाला थर टिकले की तळाला हवेतला प्राणवायू पोचत नाही. तळाच्या पाण्यातला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे ती जागा सोडतात. चिखलातले किडे-शिंपले पळू शकत नाहीत, ते मरतात, आणि त्यांच्यावर जगणारी मासळी नंतर कमी होते.

खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ७.५ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.२. तुमच्या प्राणवायूमापकात क्षारता भरायची सोय असेल आणि ती शून्यावर राहिली, तर समुद्राच्या पाण्यात आकडा जवळजवळ वीस टक्के जास्त दिसेल.

पाणी बरोबर असूनही मासळी का नाही

जिताडा खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्ले खारफुटीत आणि वरच्या गोड्या-मचूळ पाण्यात वाढतात. मधे बांध घातला किंवा उघाडीचे (बांधातून पाणी सोडायच्या वाटेचे) दार पिल्ले चढण्याच्या मोसमात बंद राहिले, तर दोन्ही बाजूंची क्षारता उत्तम असून उपयोग नाही. काळुंदर पाण्यातल्या दगड-ओंडक्यांना अंडी चिकटवते आणि राखते. गाळ काढताना ते ओंडकेही उचलले, तर अंड्यांना जागा उरत नाही.

खारफुटीतला काळा चिखल उपसून उघड्यावर वाळवू नका. त्यातल्या गंधकयुक्त लोहखनिजाचे हवेत सल्फ्युरिक आम्ल होते. पहिल्या पावसात ते पाण्यात उतरते, सामू (पीएच) झपाट्याने घसरतो आणि मासे मरतात. अशा वेळी क्षारता ठीकच दिसते. म्हणून पहिल्या पावसानंतर सामूही मोजा.

उपकरण

भिंगाच्या क्षारतामापकावर समुद्राच्या पाण्यासाठीची पट्टी आहे की साध्या मिठाच्या द्रावणासाठीची, हे आधी पाहा. दुसरी असेल तर समुद्राच्या पाण्याला एक-दीड पीपीटी जास्त दिसते. डिस्टिल्ड पाण्याने शून्य लावा. समुद्राच्या पट्टीची पडताळणी घरीही होते: ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडे सोडियम क्लोराईड विरघळवा, आकडा ३५ यायला हवा. स्वयंपाकाचे मीठ नको; त्यात इतर पदार्थ आणि ओल असते. काचेवर दोन-तीन थेंब टाकून झाकण लावल्यावर बुडबुडा राहिला तर निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेघ पुसट दिसते. थेंबाचे तापमान काचेइतके व्हायला अर्धा मिनिट थांबा. काम झाले की काच गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा, कारण वाळलेल्या मिठाने पुढचा आकडा वाढतो.