अमेरिकी राज्यांत ‘लिव्हिंग विल’चे कायदे कसे आले

शुद्ध हरपल्यावर आपल्यावर कोणते उपचार करू नयेत, हे माणसाने जाणतेपणी लिहून ठेवावे, ही ‘लिव्हिंग विल’ची कल्पना शिकागोचे वकील लुई कुटनर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मांडली. विधिमंडळांना मात्र ती निकडीची वाटली एका तरुणीच्या आजारपणामुळे. न्यू जर्सीची २१ वर्षांची कॅरन ॲन क्विनलन एप्रिल १९७५ मध्ये बेशुद्ध झाली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. तिचा व्हेंटिलेटर काढण्याचा वडिलांचा अधिकार राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च १९७६ रोजी मान्य केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ‘नॅचरल डेथ ॲक्ट’ हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा केला.

तो कायदा फार बिचकत केलेला होता. इच्छापत्र डॉक्टरांवर बंधनकारक व्हायचे, तर आजार असाध्य असल्याचे निदान झाल्यावर चौदा दिवस उलटल्यानंतर रुग्णाने त्यावर सही करणे आवश्यक होते. ज्याला त्या कागदाची सर्वाधिक गरज, तो बेशुद्ध रुग्ण या अटीमुळे बाहेरच राहिला. खुद्द कॅरनलाही या कायद्याचा उपयोग झाला नसता. व्हेंटिलेटर काढल्यावर ती स्वतः श्वास घेत १९८५ पर्यंत जगली.

मिसुरीतील नॅन्सी क्रूझन जानेवारी १९८३ मधील मोटार अपघातानंतर नळीवाटे मिळणाऱ्या अन्नावर होती. ती नळी काढावी यासाठी आईवडील लढले. पण जून १९९० मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने, रुग्णाच्या इच्छेचा स्पष्ट आणि खात्रीशीर पुरावा मागण्याची राज्याला मुभा आहे, असा निर्णय दिला. पुढे तिच्या परिचितांच्या नव्या साक्षी झाल्या आणि नळी निघाली. तिच्या थडग्यावर जन्मतारखेखाली ‘निघून गेली’ म्हणून ११ जानेवारी १९८३ आणि ‘शांत झाली’ म्हणून २६ डिसेंबर १९९० अशा दोन तारखा कोरलेल्या आहेत. मधली जवळपास आठ वर्षे त्या घराने कशी काढली असतील, याची कल्पनाही करवत नाही.

त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने ‘पेशंट सेल्फ-डिटरमिनेशन ॲक्ट’ संमत केला. डिसेंबर १९९१ पासून रुग्ण दाखल होताना त्याला राज्याच्या कायद्यानुसार असलेल्या हक्कांची लेखी माहिती देणे सरकारी विमायोजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना बंधनकारक झाले. इच्छापत्राचे नियम मात्र राज्यांकडेच राहिले. कॅलिफोर्नियाने १९८३ मध्येच, रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती नेमण्याची सोय केली होती. न्यूयॉर्कनेही पुढे ‘हेल्थ केअर प्रॉक्सी’चा तोच मार्ग धरला. मला तो अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण कोणता प्रसंग ओढवेल हे आधी लिहिता येत नाही, पण विश्वासातला माणूस त्या वेळी डॉक्टरांशी बोलू शकतो. अनेक राज्यांनी रुग्ण गर्भवती असल्यास तिच्या इच्छापत्राचा अंमल रोखणारे कलमही घातले, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.