यंत्राला पान वाचायला शिकवताना: स्ट्रक्चर्ड डेटाची पार्श्वभूमी

एखाद्या व्यवसायाच्या वेबसाइटवर '10 ते 6' असं लिहिलेलं असतं. ते वाचून दार सकाळी दहाला उघडतं आणि संध्याकाळी सहाला बंद होतं, हे माणसाला लगेच समजतं. सर्च इंजिनला मात्र दोन आकडे आणि मधला एक शब्द एवढंच दिसतं. ही वेळ आहे, मापं आहेत की आणखी काही, हे त्याला आजूबाजूच्या मजकुरावरून ताडावं लागतं. अंदाज चुकला तर गिऱ्हाईक बंद दारापाशी येऊन उभं राहतं. ती वेळ येऊ नये म्हणून पानाच्या कोडमध्ये 'ही आमची उघडण्याची वेळ', 'हा पत्ता', 'ही या वस्तूची किंमत' अशी यंत्राला कळेल अशी ओळख लिहून ठेवतात. हेच स्ट्रक्चर्ड डेटा मार्कअप. रोजच्या बोलण्यात नुसतं 'स्कीमा'.

आज प्लगइन बसवलं की हे आपोआप जोडलं जातं, त्यामुळे अनेकांना ती एसइओची, म्हणजे शोधनिकालांत वर येण्याच्या खटाटोपाची, अलीकडची युक्ती वाटते. प्रत्यक्षात यामागे तीस वर्षांची खटपट आहे. गुगल मध्येच एखादी सोय देतं आणि मध्येच काढून का घेतं, हेही त्या खटपटीकडे पाहिल्याशिवाय उमगत नाही.

पहिला प्रयत्न फसलेला होता. 1990च्या दशकात पानाच्या कोडमध्ये मेटा कीवर्ड्स नावाचा टॅग लिहायची पद्धत पडली. आपलं पान कशाबद्दल आहे ते मालकानेच चार शब्दांत सांगायचं आणि अल्टाव्हिस्टा, इन्फोसीक यांसारख्या सर्च इंजिननी ते विचारात घ्यायचं. थोड्याच काळात लोक त्यात पानाशी संबंध नसलेले, पण खूप शोधले जाणारे शब्द कोंबू लागले. सप्टेंबर 2009मध्ये गुगलने जाहीरच करून टाकलं की वेब सर्चच्या क्रमवारीसाठी आपण हा टॅग वापरत नाही. या टॅगचा मूळ दोष लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यातलं लिखाण वाचकाला दिसत नव्हतं, म्हणून खोटं लिहिलं तरी कुणाच्या नजरेत येत नव्हतं.

दुसरीकडे ग्रंथालयांच्या जगातली माणसं याच प्रश्नाकडे शिस्तीने पाहत होती. 1995मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी भरलेल्या बैठकीतून 'डब्लिन कोअर'चं काम सुरू झालं. शीर्षक, लेखक, तारीख, विषय अशा 15 रकान्यांत कुठल्याही दस्तऐवजाची नोंद करता यावी, ही त्यामागची कल्पना.

या साऱ्या इतिहासात एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं: रामनाथन गुहा. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले गुहा आधी 'साइक' प्रकल्पात होते. संगणकाला व्यवहारज्ञान हाताने, एकेका विधानातून भरवण्याचा तो प्रचंड घाट होता. पुढे अॅपलमध्ये त्यांनी माहितीबद्दलची माहिती मांडण्यासाठी एमसीएफ ही रचना केली. 1997मध्ये ते नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत गेले आणि तिथे टिम ब्रे यांच्याबरोबर त्यांनी तिला एक्सएमएलचा, म्हणजे माहिती खुणांमध्ये बांधून लिहिण्याच्या भाषेचा, साज चढवला. त्यातूनच वाढलेल्या आरडीएफ या रचनेला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने, फेब्रुवारी 1999मध्ये मान्यता दिली. प्रत्येक गोष्ट 'कोण, कोणतं नातं, कोणाशी' अशा तीन पदांत सांगायची, हे आरडीएफचं सार. आजचा स्कीमाही आतून असाच बोलतो.

मे 2001मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सिमँटिक वेबचं स्वप्न मांडलं: यंत्रं पानांचा अर्थ समजून आपली कामं परस्पर करतील. स्वप्न सुंदर होतं, पण सर्वसामान्य वेबसाइटवाल्यापर्यंत ते पोचलं नाही. आरडीएफ लिहायला किचकट होतं हे एक कारण. माझ्या मते खरं कारण दुसरंच होतं. कष्ट पान लिहिणाऱ्याचे, फायदा मात्र कुठल्यातरी भविष्यातल्या यंत्राचा. असा व्यवहार व्यवसायाला परवडत नाही.

2005मध्ये मायक्रोफॉरमॅट्स ही पद्धत मांडणाऱ्यांनी साधी वाट काढली. नवी भाषा शिकू नका, पानावर जे आधीच छापलं आहे त्यालाच खुणा करा. इलेक्ट्रॉनिक व्हिजिटिंग कार्डाच्या व्हीकार्ड या जुन्या नमुन्यावरून त्यांनी एचकार्ड बनवलं: नाव, पत्ता, फोन. इथे यंत्र तेच वाचत होतं जे माणूस वाचत होता, आणि मेटा कीवर्ड्सच्या दुखण्यावर हे नेमकं औषध होतं.

कलाटणी मिळाली ती या कष्टांचा मोबदला दिसू लागला तेव्हा. 2008मध्ये याहूने मार्कअप वाचून शोधनिकाल सजवणारं 'सर्चमंकी' आणलं. 12 मे 2009 रोजी गुगलने 'रिच स्निपेट्स' जाहीर केले. शोधनिकालात पानाच्या नावाखाली ताऱ्यांची ओळ, परीक्षणांची संख्या, किमतीचा पल्ला दिसू लागला. दहा निळ्या दुव्यांत ज्याच्याखाली तारे, त्याच्याकडे नजर जाणारच. पान पहिल्या क्रमांकावर नसलं तरी उठून दिसतं, हे व्यवसायांना समजलं आणि जे वर्षानुवर्षांच्या समजावणीने झालं नव्हतं ते आपसूक होऊ लागलं.

मग गोंधळ माजला. मायक्रोफॉरमॅट्स वेगळे, आरडीएफ पानाच्या कोडमध्येच लिहिण्याची आरडीएफए पद्धत वेगळी, एचटीएमएल 5 या वेबपानांच्या भाषेतला मायक्रोडेटा वेगळा. 2010मध्ये फेसबुकने पानांची ओळख सांगण्याची ओपन ग्राफ ही आपली पद्धत आणली. एकच पत्ता किती बोलींत लिहायचा? अखेर 2 जून 2011 रोजी गुगल, बिंग आणि याहू या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा सामाईक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. त्याच वर्षी यांडेक्स हे रशियन सर्च इंजिनही सामील झालं. उभारणीत पुढे होते गुहाच, तोवर गुगलमध्ये आलेले. सुरुवातीला त्यात 297 प्रकार आणि 187 गुणधर्म होते. 2012मध्ये मार्टिन हेप यांची 'गुडरिलेशन्स' ही व्यापाराची परिभाषा त्यात मिसळली गेली आणि किंमत, साठा, पैसे देण्याच्या पद्धती हे सगळं नेमकं सांगता येऊ लागलं. 2015च्या अखेरीस गुहा आणि सहकाऱ्यांनी 10 अब्ज पानांचा नमुना तपासला, तेव्हा 31.3 टक्के पानांवर हे मार्कअप सापडलं.

जानेवारी 2014मध्ये जेसन-एलडी या लिहिण्याच्या नव्या पद्धतीला डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली. यात खुणा मजकुरात विणाव्या लागत नाहीत, सगळी ओळख एका वेगळ्या तुकड्यात लिहून पानात ठेवता येते. प्रोग्रॅमरची मोठी सोय झाली आणि गुगलनेही याच पद्धतीची शिफारस केली. पण ही सोय येताना जुनं भोकही घेऊन आली: वाचकाला न दिसणारा मजकूर. पानावर एकही परीक्षण नसताना कोडमध्ये पाच तारे लिहिणं पुन्हा सोपं झालं.

त्यानंतरचा बराचसा इतिहास हे भोक बुजवण्याचा आहे. जे वाचकाला पानावर दिसत नाही त्याचं मार्कअप करू नका, असा गुगलचा नियम आहे. तो मोडणाऱ्या साइटवर कारवाई होते आणि तिचे रिच निकाल, म्हणजे तारे-किमतींसारखी जादा माहिती असलेले शोधनिकाल, जातात. सप्टेंबर 2019मध्ये गुगलने ठरवलं की व्यवसायाने स्वतःच्याच साइटवर स्वतःबद्दल छापलेल्या परीक्षणांचे तारे दाखवायचे नाहीत. मला हा निर्णय योग्य वाटतो, स्वतःला स्वतःच दिलेल्या गुणांना मोल कसलं? मे 2019मध्ये आलेली, पानावरची प्रश्नोत्तरं शोधनिकालातच दाखवण्याची सोय इतक्या साइटनी निव्वळ जागा अडवायला वापरली की ऑगस्ट 2023मध्ये ती सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित साइटपुरती उरली. 'हे कसं करावं' या प्रकारचे निकाल पुढच्याच महिन्यात पूर्णच बंद झाले. जून 2025मध्ये कमी वापरले जाणारे आणखी सात प्रकार काढत असल्याचं गुगलने कळवलं.

स्कीमा जोडला की क्रमांक वर जातो, असं सांगून तो विकला जातो. गुगलचं म्हणणं तसं नाही. मार्कअपमुळे पान रिच निकालासाठी पात्र ठरतं. तो दाखवायचाच, अशी हमीही नाही.

एवढी काटछाट चालू असताना एक दालन मात्र वाढलं. नोव्हेंबर 2023मध्ये गुगलने संस्थेच्या मार्कअपची व्याप्ती वाढवली. आधी तिथे प्रामुख्याने लोगो दिला जायचा. आता नाव, पत्ता, संपर्क आणि व्यवसायाचे नोंदणी क्रमांकही देता येतात. 2005च्या एचकार्डात यांतल्या पहिल्या तिन्ही गोष्टी होत्या.