‘बाय फ्रायडे’ की ‘टिल फ्रायडे’?

‘बाय’चे बाकीचे उपयोग शाळेतच अंगवळणी पडतात. ‘बाय बस’ म्हणजे बसने, ‘बाय द विंडो’ म्हणजे खिडकीजवळ, कर्मणी प्रयोगात कर्त्याआधी ‘बाय’. पायी जाण्याला तेवढं ‘ऑन फूट’ म्हणायचं, की झालं. घोळ होतो तो वेळेच्या ‘बाय’चा, आणि कामाच्या ईमेलांत तो सतत दिसतो: ‘प्लीज सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ हे चूक आहे. ‘समजतं की’ म्हणून सोडून द्यावं असंही नाही.

मूळ अडचण अशी, की मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च येतं. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल द्या’ यात देणं एकदाच घडतं, शुक्रवार ही मुदत. इथे ‘बाय’. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ यात थांबणं सलग चालू राहतं आणि शुक्रवारी संपतं. इथे ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. पुस्तक ठेवून घ्यायचं तर ‘कीप इट टिल मंडे’, परत करायचं तर ‘रिटर्न इट बाय मंडे’.

खरी फजिती होते ती दोन्ही शब्द बसतात अशा वाक्यांत. ‘आय विल बी देअर बाय सिक्स’ म्हणजे सहापर्यंत पोहोचतो. ‘आय विल बी देअर टिल सिक्स’ म्हणजे सहापर्यंत आहे, मग निघतो. व्याकरण दोन्हींचं शुद्ध, त्यामुळे चूक कुणी दाखवून देत नाही आणि सरळ चुकामूक होते.

शंका आली तर मराठी वाक्यात ‘सलग’ घालून पाहा. ‘शुक्रवारपर्यंत सलग थांबा’ जमतं, म्हणून ‘टिल’. ‘शुक्रवारपर्यंत सलग अहवाल द्या’ जमत नाही, म्हणून ‘बाय’. काहीजण ‘च्या आत’ घालून पाहायला सांगतात, ते टाळावं. ‘शुक्रवारच्या आत’ म्हटलं की शुक्रवार धरायचा की नाही, हा वाद उरतोच. ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो, तो नको असेल तर ‘बिफोर फ्रायडे’ लिहा. सगळ्यात उत्तम म्हणजे वेळही घाला: ‘बाय 5 पीएम ऑन फ्रायडे’.

नकार आला की जपून. ‘शी डिडन्ट कॉल टिल फ्रायडे’ यात फोन करणं एकदाचंच, तरी ‘टिल’ बरोबर, कारण फोन न करणं सलग चालू होतं. अर्थ: फोन आला तो शुक्रवारीच. ‘शी हॅडन्ट कॉल्ड बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत फोन आलेला नव्हता; पुढे आला की नाही, हे वाक्य सांगत नाही.

‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ हे मराठीत अगदी बरोबर. त्याचं ‘वेट टिल ही डझन्ट कम’ करणं मात्र साफ चूक: तो ‘नाही’ ‘टिल’मध्येच सामावलेला आहे. ‘वेट टिल ही कम्स’ म्हणा. ‘विल कम’ही नको. ‘बाय’पुढे असं अख्खं वाक्य थेट जोडता येत नाही, तिथे ‘बाय द टाइम ही कम्स’ लागतं.

‘टिल’ आणि ‘अनटिल’ यांच्या अर्थात फरक नाही. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला दोन एल, ‘अनटिल’ला एक. ‘टिल’ हे ‘अनटिल’चं लघुरूप नाही, उलट तोच जुना शब्द आहे, त्यामुळे त्याच्या आधी ॲपॉस्ट्रॉफी लावायची गरज नाही.