आपण आणि आम्ही

आपण आणि आम्ही ही मराठीतली दोन सर्वनामं, दोन्ही प्रथमपुरुषी अनेकवचनी, म्हणजे ढोबळमानाने दोन्हीचा अर्थ 'मी आणि माझ्याबरोबर आणखी कुणीतरी'. फरक एवढाच की ज्याच्याशी बोलतोय त्याला त्यात धरलंय की नाही. 'आपण जेवायला बाहेर जातोय' म्हटलं की ऐकणारा कपडे बदलायला उठतो, 'आम्ही जेवायला बाहेर जातोय' म्हटलं की तो विचारतो, मग माझं काय? भाषाशास्त्रात आपणला समावेशक आणि आम्हीला व्यावर्तक सर्वनाम म्हणतात, व्यावर्तक म्हणजे वगळणारं.

गंमत म्हणजे हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. शाळेत मी-आम्ही, तू-तुम्ही असा तक्ता पाठ होतो, आणि आपण बऱ्याचदा 'स्वतः'च्या शेजारी आत्मवाचक सर्वनामांत येतं. तरी घरात मराठी ऐकत वाढलेलं लहान पोरसुद्धा यात सहसा चुकत नाही. साधी परीक्षा करून बघायची तर 'जाऊया' हे रूप घ्या. 'आपण जाऊया' बरोबर, 'आम्ही जाऊया' कानाला लगेच खटकतं, कारण -ऊया मध्ये समोरच्याला सोबत चल म्हणणं आहेच, मग त्याला वगळणारं सर्वनाम तिथे बसणार कसं. नियम पुस्तकातून नाही, ऐकून डोक्यात गेलेला असतो, आणि माणसाची भाषा नेमकी कशी चालते हे समजायला याच्याइतकं सोपं उदाहरण मला तरी दुसरं सुचत नाही.

या फरकाची खरी ताकद नात्यांमध्ये दिसते. नवीन सून सासरी आल्यावर सहज म्हणते, 'आमच्याकडे आमटीत गूळ घालतात.' यात आमच्याकडे म्हणजे माहेरी, आणि समोर बसलेल्या सासूबाई त्या शब्दाच्या बाहेर आहेत. मग सहा महिन्यांनी, वर्षाने कधीतरी तीच मुलगी पाहुण्यांसमोर नवऱ्याला म्हणते, 'आपल्याकडे गणपती पाच दिवसांचा असतो ना', आणि ते आपल्याकडे म्हणजे आता हे घर. कुणी ठरवून हा शब्द बदलत नाही, पण घरातल्या मोठ्यांच्या कानाला तो बदल बरोबर कळतो. उलटही होतं, भावाभावांत वाटण्या झाल्या की 'आपलं शेत' जाऊन 'आमचं शेत' आणि 'तुमचं शेत' येतं. जुन्या पिढीतल्या बायका नवऱ्याचा उल्लेख 'आमचे हे' असा करायच्या, तिथेही आमचेच पाहिजे, 'आपले हे' म्हटलं तर अर्थाचा घोटाळा होईल.

डॉक्टर पेशंटला म्हणतात 'आपण ही गोळी आजपासून सुरू करू', गोळी खाणार एकटा पेशंट, पण आपण म्हटल्याने धीर येतो. राज्य सरकारच्या ऑनलाइन सेवांच्या पोर्टलचं नाव 'आपले सरकार' आहे, 'आमचे सरकार' नाही, आणि ते तसंच हवं. त्यात अजून एक पदर आहे, कारण आपले म्हणजे 'तुमचे' असाही आदरार्थी अर्थ मराठीत होतो.

कारण आपण हा शब्द एकटाच बरीच कामं करतो. 'आपण कुठून आलात?' यात तो तुम्हीपेक्षाही आदराचा द्वितीयपुरुष आहे. 'तो आपण होऊन आला' यात त्याचा अर्थ स्वतः. 'आपण एक ठरवावं आणि व्हावं भलतंच' यात तो कुणीही माणूस. आणि मुंबईत कट्ट्यावर 'आपण नाय घाबरत कुणाला' म्हणणारा फक्त स्वतःबद्दल बोलत असतो. तुकोबांच्या 'आम्ही जातो आपुल्या गावा' मध्ये तर दोन्ही शब्द एकाच ओळीत आलेत. आम्ही जातो म्हणजे तुम्ही मागे राहताय, निरोप आहे तो, आणि आपुल्या म्हणजे इथे स्वतःच्या. हे आम्हीच्या जागी आपण घालून म्हणून बघा, निरोपच उरत नाही.

हा फरक संस्कृतात नाही. तिथे द्विवचन आवाम् आणि अनेकवचन वयम्, समोरचा धरा किंवा सोडा, शब्द तोच. आम्ही हा शब्द संस्कृत अस्म- पासून प्राकृतातल्या अम्हे वरून आला आणि आपण हा आत्मन् वरून, म्हणजे मुळात 'स्वतः' अर्थाचा शब्द पुढे 'तू धरून आम्ही सगळे' या कामाला लागला. बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की यामागे द्राविडी भाषांचा शेजार आहे. तमिळमध्ये नाम् आणि नांगळ्, तेलुगूत मनमु आणि मेमु अशी जोडी आहेच. आपल्याला सगळ्यात जवळच्या कन्नडमध्ये मात्र आज नावु हा एकच शब्द दोन्हीला चालतो. गुजरातीत आपणे आणि अमे आहेत. प्रमाण हिंदीत हम एकच, पण मध्य प्रदेशात आणि नागपूर-मुंबईकडे बोलल्या जाणाऱ्या हिंदीत 'अपन चलते हैं' ऐकू येतं. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा याहून पुढे आहे, तिथे दोघांसाठी वेगळी आणि जास्त जणांसाठी वेगळी अशी रूपं असल्याने एकूण चार सर्वनामं होतात.

युरोपातल्या लोकांना ही गोष्ट नवीन होती. पेरूमधल्या केचुआ भाषेचं डोमिंगो दे सांतो तोमास या स्पॅनिश धर्मगुरूचं व्याकरण 1560 मध्ये छापलं गेलं, त्यात हा फरक नोंदवलेला आहे. पुढे बायबलचं भाषांतर करणाऱ्यांना हा प्रश्न जगभर भेटत राहिला, वादळात सापडलेल्या होडीत शिष्य येशूला उठवून म्हणतात 'बुडतोय', तर त्यात येशूला धरायचं की नाही? मूळ ग्रीकमध्ये ते सांगायची गरज नव्हती, हा फरक असलेल्या भाषेत ठरवावंच लागतं. इंडोनेशियन भाषेत किता आणि कामी आहेत. पापुआ न्यू गिनीतल्या तोक पिसिन भाषेने तर इंग्रजीतून शब्द घेतले आणि त्यांच्यातून इंग्रजीत नसलेला फरक तयार केला, यू आणि मी जोडून युमी म्हणजे आपण, आणि मिपेला म्हणजे आम्ही.

परदेशात किंवा इंग्रजी जास्त बोलणाऱ्या घरात वाढणाऱ्या मराठी मुलांकडून हा फरक निसटताना दिसतो. इंग्रजीतल्या 'वुई'ला आम्ही हा एकच शब्द त्यांच्या डोक्यात बसतो आणि मग मूल आईचंच बोट धरून विचारतं, 'आई, आम्ही घरी कधी जायचं?' बाकी वाक्य, उच्चार, क्रियापद सगळं बरोबर असतं. आजी-आजोबा फोनवर असतील तर ते लगेच 'आपण रे, आपण' म्हणून दुरुस्त करतात.