यॉर्कशायर टेरिअर: स्वभाव, केस आणि रोजची देखभाल
(आमच्याकडे ग्रूमिंगला येणाऱ्या यॉर्कींच्या घरच्यांसाठी)

यॉर्की दिसतो शोभेचा, पण त्याची जात उंदीर मारणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्कॉटलंडमधले विणकर कामाच्या शोधात इंग्लंडच्या यॉर्कशायर आणि लँकेशायर भागातल्या कापड गिरण्यांकडे आले, ते आपले छोटे टेरिअर सोबत घेऊनच. गिरण्यांत उंदरांचा सुळसुळाट होता आणि कुत्र्यांना तेच काम मिळालं. 1865 साली जन्मलेला 'हडर्सफील्ड बेन' हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. डॉग शोमध्ये बक्षिसं मिळवणारा हा बेन उंदीर मारण्याच्या स्पर्धाही जिंकत असे. दुसऱ्या महायुद्धात तर 'स्मोकी' नावाच्या जेमतेम दोन किलोच्या यॉर्कीने फिलिपिन्समधल्या एका धावपट्टीखालच्या सुमारे 70 फूट लांब पाइपातून टेलिफोनची तार ओढून नेली होती.

हे सगळं सांगतोय, कारण 'एवढासा जीव, पण किती भुंकतो' ही तक्रार आम्ही जवळजवळ रोज ऐकतो. बेल वाजली, लिफ्टचं दार उघडलं, समोरच्या गॅलरीत कबूतर बसलं, की याची ड्यूटी सुरू. भुंकणं पूर्ण बंद होणार नाही, कमी नक्की होतं. बेल वाजल्यावर त्याला एका ठरलेल्या जागी बसवायचं आणि गप्प बसला की लगेच खाऊ द्यायचा, असं घरातल्या सगळ्यांनी सारखंच केलं पाहिजे. एकाने ओरडायचं आणि दुसऱ्याने लाडाने उचलून घ्यायचं, असं चाललं तर तो उचलून घेण्यासाठीच भुंकेल. शिवाय आपण तीन किलोचे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. भटक्या कुत्र्यांच्या टोळक्यावरही तो बेधडक धावून जातो, म्हणून रस्त्यावर पट्टा हातातून सोडू नका.

घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर ही जात घेताना दोनदा विचार करा. मुलाच्या हातातून निसटून किंवा सोफ्यावरून उडी मारताना यॉर्कीचा पुढचा पाय मोडणं ही सर्रास होणारी दुखापत आहे. सोफ्याला आणि पलंगाला छोटी पायरी लावा.

केसांबद्दल थोडं सविस्तर

इतर बऱ्याच कुत्र्यांना वरची राठ आणि आतली मऊ अशी दुहेरी लव असते. यॉर्कीला आतली लव नसते. एकच थर, रेशमी आणि सतत वाढणारा. त्यामुळे घरभर केस पडत नाहीत, पण गळलेले केस अंगावरच अडकतात आणि गुंता होतो. पिल्लू काळं-तांबूस जन्मतं आणि पाठीचा काळा रंग पुढे दोन-तीन वर्षांत निळसर राखाडी होत जातो. 'रंग उडाला, शॅम्पू बदलू का?' असं विचारणाऱ्यांनी काळजी करू नये.

गुंता कानांमागे, बगलेत आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घासतो तिथे आधी होतो, म्हणून फिरून आल्यावर हार्नेस काढून ठेवा. कोरड्या केसांवर ब्रश फिरवू नका, केस तुटतात. कंडिशनर मिसळलेल्या पाण्याचा हलका फवारा मारा. गाठ दिसली की ती कातडीलगत चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग गाठ बोटांनीच उभी फाकवा आणि टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं विंचरत या. रोज दहा मिनिटं पुरतात. गुंत्याच्या जटा झाल्यावर आमच्याकडे आणलंत, तर केस वाचवण्यासाठी त्याला तासभर छळण्यापेक्षा आम्ही ते बारीक कापतो, आणि हे आधीच सांगून ठेवतो.

आंघोळ दहा-पंधरा दिवसांनी, कोमट पाण्याने. टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा आणि ड्रायर कमी गरम ठेवा. पावसाळ्यात पोट आणि बोटांमधली फट पूर्ण कोरडी करा आणि तिथेच गोचीड शोधा. शेंडी बांधायची नसेल तर 'पपी कट', म्हणजे अंगभर सारखे आखूड केस, उत्तम, आमचंही मत तेच. उन्हाळ्यात मात्र कातडी दिसेल इतके केस कापून मागू नका. अशा कातडीला ऊन थेट भाजतं, त्यामुळे आम्ही तसं करून देत नाही.

खाणं आणि दात

तीन किलोच्या प्रौढ यॉर्कीला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात. तूप लावलेली एक पोळी दिली की त्यातला जवळजवळ निम्मा कोटा संपला. तळलेलं आणि तुपकट खाऊन स्वादुपिंडाला सूज येते, आणि या जातीला तो त्रास जास्त. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण अजिबात नको. प्रसादाचा शिरा आणि पुलावातले बेदाणे नेमके विसरले जातात.

चार महिन्यांखालच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला द्या. जास्त वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते. पिल्लू थरथरतं, झोकांड्या खातं, गळून पडतं. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध किंवा ग्लुकोज चोळा आणि तडक डॉक्टरकडे न्या.

दात ही यॉर्कीची सगळ्यात दुर्लक्षित बाजू. जबडा लहान, दात दाटीवाटीने, त्यामुळे कीट लवकर साचतं. रोज कुत्र्यांच्या पेस्टने दात घासा, माणसांची पेस्ट चालत नाही. सहा-सात महिन्यांचा झाल्यावर सुळ्यापाशी दोन-दोन दात दिसले, तर दुधाचे पडलेले नाहीत. नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत ते काढून घ्या.

डॉक्टरकडे कधी न्यायचं

उत्साहात आल्यावर किंवा पट्टा ओढल्यावर बदकाने ओरडावं तसा खोकला आला, तर श्वासनलिका दबत असू शकते. म्हणूनच गळ्याचा पट्टा नको, हार्नेस घाला. चालताना मध्येच मागचा एक पाय उचलून चार पावलं तीन पायांवर पळत असेल, तर गुडघ्याची वाटी सरकते आहे का ते तपासून घ्या.

अजून पिल्लू घ्यायचं असेल तर 'टीकप यॉर्की' या जाहिरातीला भुलू नका. तशी वेगळी जात नाही. प्रमाणित वजनच 3.2 किलोपर्यंत आहे, त्याहून फार लहान पिल्लांची हाडं आणि साखर दोन्हींची काळजी जास्त. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीपत्र मागून बघा. महापालिकेचा परवानाही वेळेत काढा, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

आमच्याकडे येताना लसीकरणाचं कार्ड आणा. गोचिडांचं औषध पाठीवर टाकलेलं असेल तर कधी टाकलं ते सांगा, कारण त्यानंतर दोन-तीन दिवस आम्ही आंघोळ घालत नाही. येण्याआधी दोन तास पोटभर खायला देऊ नका. पिल्लांना मात्र उपाशी आणू नका, त्यांना निघण्यापूर्वी थोडंसं भरवा.