रीसेट आणि ट्रू रीसेट: 'अंडरटेल'मध्ये नेमकं काय पुसलं जातं?

परवा रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. "दादा, सगळे वाचले. एकालाही मारलं नाही. पण आता सुरुवातीला रीसेटच्या जागी ट्रू रीसेट दिसतंय. हे तेच ना? दाबू का?"

"थांब," म्हटलं. "तेच नाही."

फोनवर त्याला जे घाईघाईत सांगितलं, ते इथे जरा सैलपणे लिहितो. 'अंडरटेल' खेळायचा विचार असेल तर वाचन इथेच थांबवा. शेवट फोडल्याशिवाय या दोन बटणांबद्दल बोलताच येत नाही.

गेम अजिबात माहीत नाही आणि खेळणारही नाही, अशांसाठी थोडक्यात. टोबी फॉक्सने जवळजवळ एकहाती केलेला हा रोल-प्लेइंग गेम सप्टेंबर २०१५ मध्ये आला. त्याआधी २०१३ मध्ये त्याने किकस्टार्टरवर ५,००० डॉलर मागितले होते, लोकांनी ५१,००० च्या वर दिले. एक मूल डोंगरातल्या खड्ड्यातून खाली मॉन्स्टर लोकांच्या जगात पडतं आणि घरी जायची वाट शोधतं. वाटेत जो भेटेल त्याला मारता येतं, किंवा गप्पा मारून, मस्करी करून, कुत्रा असेल तर कुरवाळून सोडून देता येतं. तुम्ही काय केलंत त्यावर शेवट ठरतो. म्हणूनच लोक हा गेम एकदा खेळून थांबत नाहीत, आणि बटणांचा घोळही तिथूनच सुरू होतो.

आधी तिसऱ्याच बटणाचं बोलू, कारण मुळात गोंधळ तिथे आहे. ते म्हणजे कंटिन्यू. शेवटच्या सेव्हपासून पुढे चालू. कुठल्याही गेममध्ये असतं तसंच. हरलो, लोड केलं, पुन्हा खेळलो. लहानपणी गल्लीत याला रडीचा डाव म्हणायचो, गेममध्ये त्याला कोणी नावं ठेवत नाही. 'अंडरटेल' ठेवतो.

टोरिएलचा प्रसंग घ्या. खाली पडल्यावर पहिली माया लावते ती हीच. हात धरून चालवते, 'पाय' नावाचा गोड पदार्थ भाजून उशाशी ठेवते. तुम्ही घरी जायचं म्हणालात की मात्र दार अडवून उभी राहते आणि लढाई सुरू होते. इतर गेमच्या सवयीने वाटतं, हिला जरा जेरीस आणलं की ऐकेल. म्हणून मारत राहता. तिची ताकद खाली येते, आणि पुढचा एक वार अचानक अंदाजापेक्षा कितीतरी मोठा बसतो. टोरिएल जाते. तिला सोडायचा खरा मार्ग असा की काहीही झालं तरी 'स्पेअर', म्हणजे सोडून देण्याचा पर्याय, निवडत राहायचं, ती गप्प राहिली तरी, कंटाळा आला तरी. हे पहिल्या खेपेला किती जणांना सुचत असेल? मला सुचलं नव्हतं. गेम बंद केला, लोड केलं, पुन्हा तिच्यासमोर उभा राहिलो. तिच्याशी बोलायचा पर्याय निवडला तर पडद्यावर ओळ आली, तिचा अर्थ असा: तिला मरताना तू पाहिलंयस, हे तिला सांगावं असं तुला वाटलं, पण ते फारच विचित्र दिसेल. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. या वेळी तिला वाचवलं आणि सुटकेचा श्वास टाकून दाराबाहेर पडलो. तिथे फ्लाउई नावाचं फूल वाट बघत होतं. त्याने सरळ तोंडावर सांगितलं की तू काय केलंस ते मला माहीत आहे. तू तिला मारलंस आणि मग पस्तावून मागे गेलास.

म्हणजे साधं लोड केलं तरी साक्षीदार शिल्लक राहतो. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढची दोन्ही बटणं आपोआप वेगळी दिसू लागतात.

रीसेट म्हणजे गोष्ट पहिल्यापासून. मेलेले जिवंत होतात, मैत्री झालेले तुम्हाला ओळखत नाहीत, तुमची लेव्हल पुन्हा १, ताकद पुन्हा २०. पाटी स्वच्छ पुसली असं वाटतं. पण पाटीवर पेन्सिल दाबून लिहिलं असेल तर पुसल्यावरही तिरक्या उजेडात ओरखडे दिसतात, तसं इथे होतं. पहिला ओरखडा नावाचा. नव्या गेममध्ये नाव विचारायला हवं, पण इथे गेम सांगतो की नाव आधीच ठरलेलं आहे. दुसरा ओरखडा फ्लाउईचा. पहिल्या खेपेला तो गोड हसून ओळख करून देतो. रीसेटनंतर मात्र कुरकुरतो, की मी कोण हे माहीत नसल्यासारखं का वागतोस, मला पुन्हा ओळख करून द्यायला का लावतोस. तिसरा ओरखडा मला सगळ्यात आवडतो. टोरिएल फोन करून विचारते, दालचिनी आवडते की बटरस्कॉच? रीसेटनंतर ती विचारता विचारता थांबते आणि मागच्या वेळचं उत्तर स्वतःच ओळखते. म्हणते, तुला पाहिलं तेव्हा जुनी ओळख पहिल्यांदाच भेटल्यासारखं वाटलं. तिला आठवत काही नाही. नुसतं कुठेतरी लागून राहिलंय.

आणि एक अगदी व्यवहारातला फरक. पहिल्या खेपेच्या शेवटी फ्लाउई तुमची सेव्ह फाइलच बळकावतो. गेम आपोआप बंद पडतो, पुन्हा उघडला तर सुरुवातीच्या पडद्यावर तुमच्या नावाच्या जागी त्याचं नाव आणि लेव्हल ९९९९. मग टीव्हीचं तोंड असलेल्या अक्राळविक्राळ रूपाशी लढाई. ही लढाई जिंकून रीसेट केलं तर पुढच्या खेपेला ती पुन्हा लढावी लागत नाही. फ्लाउईला ती झालेली आठवते, आणि गेमलाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण नव्या खेळाडूंचे तासन्‌तास त्यात जातात. सगळ्यांना वाचवणाऱ्या शेवटाला खेळाडू 'ट्रू पॅसिफिस्ट' म्हणतात. त्यासाठी आधी एकदा साधा शेवट गाठावा लागतो, हे खरं. पण त्या खेपेत कोणालाच मारलं नसेल तर रीसेट करायचं कारण नाही. कंटिन्यू करा, पपायरस, अंडाइन आणि अल्फिस या मॉन्स्टरांशी राहिलेली मैत्री पूर्ण करा, अल्फिसच्या प्रयोगशाळेत खाली उतरा. रीसेटची गरज एखादा जीव आधीच गेला असेल तरच पडते. मारल्यावर सेव्ह झालं असेल तर त्याला परत आणायचा दुसरा रस्ता गेममध्ये नाही.

आता लेव्हलबद्दल, कारण 'रीसेट केलं तर कमावलेलं सगळं जाईल' ही भीती त्यामुळेच असते. बहुतेक रोल-प्लेइंग गेममध्ये लेव्हल म्हणजे तुमची कमाई. 'क्रोनो ट्रिगर'ने १९९५ मध्ये 'न्यू गेम प्लस' आणलं, त्यात गोष्ट पहिल्यापासून सुरू होते पण ताकद आणि हत्यारं तुमच्याबरोबर येतात. लोकांना रीसेटकडूनही तेच हवं असतं. 'अंडरटेल' नेमकं उलटं करतो. ताकद काढून घेतो आणि इतिहास तुमच्याबरोबर पाठवतो. आणि ती ताकद तरी कसली? पडद्यावर लेव्हल 'एलव्ही' अशी लिहिलेली असते, आणि फ्लाउई पहिल्याच मिनिटाला सांगतो की एलव्ही म्हणजे लव्ह, प्रेम. शेवटच्या दालनात सॅन्स नावाचा सांगाडा त्याचा खरा विस्तार सांगतो: लेव्हल ऑफ व्हायोलन्स. लेव्हल वाढवणारे गुण, ईएक्सपी, म्हणजे एक्सपीरियन्स नाही, एक्झिक्यूशन पॉइंट्स. मारल्याशिवाय लेव्हल वाढतच नाही. सगळ्यांना वाचवणारा खेळाडू शेवटपर्यंत लेव्हल १ वरच असतो. त्याची प्रगती कुठे नोंदली जाते म्हणाल तर त्याच्या स्वतःच्या बोटांत आणि डोक्यात. कुठला भाला कधी येतो, कोणाला काय बोललं की तो निवळतो. ते कुठलंही बटण पुसत नाही.

सॅन्सला मात्र खेळाडूचं हेच डोकं वाचता येतं. त्याला आधीच्या खेपा आठवत नाहीत, पण खून करत आलेल्या खेळाडूच्या चेहऱ्याकडे बघून तो सांगतो की हा आपल्याकडून किती वेळा मरून परत आलाय. आणि तो मोजत जातो. आठवण आणि अंदाज यांतला हा फरक गेममध्ये फार बारकाईने पाळलाय.

ट्रू रीसेट हे बटण मुळात सहज दिसतच नाही. सगळ्यांना वाचवून बाहेर काढलंत की मगच रीसेटच्या जागी येतं. त्यानंतर गेम उघडला की आधी फ्लाउई येतो. तोच, ज्याने तुमची फाइल पळवली होती. आता त्याचा आवाज बदललेला असतो. म्हणतो, सगळे सुखात आहेत, आता एकच धोका उरलाय. हे सगळं पुसून टाकायची ताकद असलेला एकच जण, तू. एकेकाचं नाव घेऊन सांगतो, यांना इथून उचलून पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवशील, कोणाला काही आठवणार नाही. फ्रिस्कला, म्हणजे तू खेळवतोस त्या मुलाला, जगू दे. एवढं सांगूनही तुला करायचंच असेल तर माझीही आठवण पूस. आणि मग माफी मागतो, की हे तू आधी शंभरदा ऐकलं असशील.

मला वाटतं, या शेवटच्या वाक्यात दोन्ही बटणांमधला फरक पूर्ण आहे. रीसेटमध्ये फ्लाउई साक्षीदार म्हणून मागे उरतो. ट्रू रीसेटमध्ये तो स्वतःच साक्ष पुसायला सांगतो, आणि त्यामुळेच आपण हे आधी कितीदा बोललो हे त्याला कळायचा मार्ग उरत नाही. पुढच्या खेपेला तो पुन्हा गोड हसून ओळख करून देईल, कुरकुर नाही. टोरिएल चव ओळखणार नाही. नाव पुन्हा विचारलं जाईल. गल्लीत म्हणायचो ना, नवा गडी नवं राज्य. ते खरं होतं ते इथे. रीसेटमध्ये राज्य नवं असतं, गडी जुनाच.

या नावातही एक मेख आहे. सुरुवातीला टाइप केलेलं नाव आपल्या नायकाचं नाहीच. नायकाचं नाव फ्रिस्क, हे सगळ्यांना वाचवणाऱ्या शेवटाजवळच कळतं. आपण दिलेलं नाव फार पूर्वी खाली पडलेल्या, मरून गेलेल्या पहिल्या मुलाचं. त्यामुळे रीसेटनंतरही ते नाव हलत नाही यात मला तरी निव्वळ तांत्रिक सोय दिसत नाही.

मग ट्रू रीसेट म्हणजे अगदी स्वच्छ? एक अपवाद, आणि तो भयंकर. सगळ्यांना वेचून वेचून मारायच्या वाटेला खेळाडू 'जिनोसाइड' म्हणतात. ती शेवटपर्यंत नेली की तेच पहिलं मूल समोर येतं आणि जग पुसून टाकतं, तुम्ही नको म्हणालात तरी. त्यानंतर गेम उघडा, काळा पडदा आणि वाऱ्याचा आवाज. मेन्यू नाही, बटण नाही. १० मिनिटं तसंच बसून राहिलात तर ते मूल बोलतं, आणि जग परत हवं असेल तर तुमचा आत्मा मागतं. 'हो' म्हटलंत की गेम पहिल्यासारखा सुरू होतो. पुढे तुम्ही कितीही शहाण्यासारखं खेळा, सगळ्यांना वाचवा, ट्रू रीसेट दाबा. आनंदी शेवटाच्या अगदी टोकाला तो सौदा वर येतो. फोटोतल्या मित्रांच्या चेहऱ्यांवर लाल फुल्या. किंवा टोरिएलबरोबर राहायचं निवडलंत तर अंथरुणातून वळून बघणारे लाल डोळे.

विंडोजवर ही खूण 'सिस्टीम इन्फर्मेशन ९६३' अशा नावाच्या एका वेगळ्या फाइलमध्ये राहते. नाव मुद्दामच असं रुक्ष असावं, की कोणाला हात लावावासा वाटू नये. दोन्ही बटणं तिला शिवत नाहीत. काढायची तर गेमच्या बाहेर येऊन, फोल्डर उघडून, स्वतःच्या हाताने काढावी लागते. अर्ध्यावर जिनोसाइड सोडून रीसेट केलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. सौदा झाला तरच ही खूण पडते.

हे सगळं ऐकून मावसभाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे मी कोणालाच मारलं नसेल तर ट्रू रीसेटने खरंच सगळं पहिल्यासारखं होईल?"

"होईल. पण फ्लाउईचं बोलणं ऐक आणि मग ठरव."

"ऐकलं मघाशी. म्हणून तर तुला फोन केला."

काल संध्याकाळी त्याचा मेसेज आला. दाबलं होतं. पहिल्या वेळी स्वतःचं नाव दिलेलं, या वेळी कुत्र्याचं, सहाच अक्षरं बसतात म्हणून काटछाट करून. दोन दिवसांत शेवटापर्यंत पोचलाही, सगळं पाठ होतं ना. खाली आणखी एक ओळ होती: "दादा, तू सांगितलं नाहीस. ते टीव्हीवालं परत आलंय."