वंडरवॉल म्युझिक

वंडरवॉल म्युझिक : ‘द बीटल्स’ या इंग्लिश बँडमधील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांची बँडबाहेरची पहिली ध्वनिमुद्रिका. जो मॅसॉट दिग्दर्शित ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे हे संगीत १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये प्रकाशित झाले. ‘ॲपल’ या बीटल्सच्या कंपनीची ही पहिली एलपी (दीर्घ ध्वनिमुद्रिका). तीत १९ रचना असून जवळजवळ सर्व केवळ वाद्यांच्या आहेत.

बीटल्सपैकी एकाने स्वतंत्रपणे काढलेली पहिली ध्वनिमुद्रिका हीच काय, याविषयी मतभेद आहेत. बीटल्सचेच पॉल मॅकार्टनी यांचे ‘द फॅमिली वे’ या चित्रपटाचे संगीत १९६७च्या आरंभीच एलपीवर आले होते, म्हणून काही लेखक तो मान त्यास देतात. तथापि त्या एलपीवर कलावंत म्हणून बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या वाद्यवृंदाचे नाव आहे आणि मॅकार्टनी यांच्या सुरावटींचा विस्तारही मार्टिन यांनीच केला. स्वतःच्या नावाने निघालेली पहिली, एवढ्या मर्यादित अर्थाने हॅरिसन यांची बाजू अधिक ग्राह्य दिसते. मात्र हॅरिसन यांचा उल्लेखही संगीतकार व निर्माता असाच आहे. वादकांच्या यादीत ते नाहीत.

मॅसॉट यांनी पूर्ण मोकळीक दिल्याने हॅरिसन यांनी स्टॉपवॉच लावून प्रसंगांची लांबी मोजली व त्या मापाने रचना बेतल्या. पाश्चात्त्य भाग लंडनमध्ये, ‘द रेमो फोर’ हा बँड व संयोजक जॉन बारहॅम यांच्या साथीने झाला. भारतीय भागाचे बरेचसे काम जानेवारी १९६८च्या पूर्वार्धात मुंबईत, फोर्टमधील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत पार पडले. तेथील यंत्र मोनो (एकमार्गी ध्वनीचे) असल्याने एच.एम.व्ही.चे अधिकारी भास्कर मेनन यांनी कोलकात्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र आणले. स्टुडिओला ध्वनिरोधन नव्हते. सायंकाळी साडेपाचला खालच्या कचेऱ्या सुटल्या की जिन्यातील पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे आणि रस्त्यावरच्या टॅक्सी काही रचनांत ऐकू येतात, असे हॅरिसन यांनी सांगितले आहे. ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गीताचे वाद्यसंगीतही याच सत्रांतले.

शिवकुमार शर्मा (संतूर), एस. आर. केंकरे (बासरी), विनायक व्होरा (तार शहनाई), रिजराम देसाड (हार्मोनियम, तबलातरंग), शंभू दास (सतार) आणि महापुरुष मिश्र (तबला, पखवाज) हे प्रमुख वादक होत. वेष्टनावर शर्मा यांचे आडनावच नाही. आशीष खान यांचे सरोदवादन मुंबईतले की लंडनमधले, याबाबत चरित्रकारांत एकवाक्यता नाही. ‘गत किरवाणी’सारख्या रचनेत रागाची परंपरागत चौकट व वादकाची उपज (उत्स्फूर्त विस्तार) यांचा वाटा मोठा असूनही रचनाकार म्हणून एकट्या हॅरिसन यांचेच नाव लागावे, हे भारतीय संगीताच्या अभ्यासकास खटकते.

‘ड्रीम सीन’ ही रचना टेपचे तुकडे जोडून व उलटे फिरवून केलेली आहे. ती बीटल्सच्या याच तंत्राच्या ‘रेव्होल्यूशन ९’पूर्वीची मानली जाते. ‘स्कीइंग’मधील गिटार एरिक क्लॅप्टन यांनी टोपणनावाने वाजवली.

अमेरिकेत ही एलपी ‘बिलबोर्ड’च्या यादीत ४९व्या स्थानापर्यंत पोहोचली. २०१४च्या पुनर्मुद्रित आवृत्तीत ‘द इनर लाइट’च्या वाद्यसंगीताचे एक वेगळे ध्वनिमुद्रण समाविष्ट आहे, मुंबईच्या वादकांचे काम त्यात गायनाविना ऐकता येते.